जतच्या कापसातली नागअळी

जतला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. तिथे पाणी आहे का, आणि तिथे बघण्यासारखं काय आहे? पाण्याचं पुढे सांगते. बघण्यासारखं म्हणाल, तर मी तिथे चार दिवस कापसाची पानं बघितली आणि एकदाही कंटाळले नाही.

हा प्रवास सुरू झाला फोनवर आलेल्या एका फोटोमुळे. माझा मामेभाऊ तानाजी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. आष्ट्याची उसाची जमीन भावांत वाटली गेली तेव्हा त्याने आपला वाटा मोठ्या भावाला दिला आणि बायकोच्या माहेरी, जत तालुक्यात कर्नाटकाच्या अंगाला, कोरडवाहू रान घेतलं. पलीकडे विजापूरच्या बाजूला कापूस होतो, मग इथे का नाही, म्हणून यंदा त्याने बीटी कापूस लावला. फोटोत त्या कापसाचं पान होतं आणि पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा. पाठोपाठ फोन.

"अक्का, तू कॉलेजात किडं बघतीस न्हवं? हे भिंगाखाली बघ आन् लिहून दे. बियाणं बोगस हाय. सोमवारी तालुक्याला अर्ज द्यायचाय."

मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सव्वीस वर्षं बाटल्या धुणं, लेबलं लावणं, काचपट्ट्या तयार ठेवणं हे माझं काम. मी शास्त्रज्ञ नाही, असं त्याला सांगितलं.

"म्हणूनच तू बरी," तो म्हणाला. "तू लिहिलेलं आमाला कळंल तरी."

मी लगेच हो म्हटलं नाही, कारण ते बियाणं आष्ट्याच्या सुकुमारच्या दुकानातलं होतं. सुकुमार आणि तानाजी पहिलीपासून एका बाकावरचे. मे महिन्यात मी आजोळी जायची तेव्हा आम्ही तिघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. अर्ज गेला की चौकशी होणार, आणि खोट्या बियाण्याचा शिक्का बसला तर सुकुमारच्या दुकानाचा परवाना जाणार. दोघांचं बोलणं तर अर्जाच्या आधीच बंद झालं होतं. मी नाही गेले तर तानाजी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेईल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी रजा टाकली.

पिशवीत घेतलेल्या वस्तू: भिंग, दोन चिमटे, सुई, ब्लेड, झाकणाला मलमल लावलेल्या आठ बाटल्या, लेबलं, शिसपेन्सिल (शाई ओलाव्याने पसरते), वही, टोपी. उन्हाचा चष्मा विसरले आणि जतच्या माळावर रोज त्याची आठवण काढली.

सातारा, मंगळवार

साताऱ्याला उतरायचं कारण आमच्या कॉलेजातले निवृत्त सर. कीटकशास्त्र शिकवायचे, आता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतात. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो एकदाच, लेबलावर तारीख राहिली म्हणून. त्या दिवसापासून माझ्याकडून तारीख राहिलेली नाही.

सरांच्या पत्नीने वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. पुण्यात मी राजमा आणते तो शिजून पिठूळ होतो. हा घेवडा दाणा न् दाणा वेगळा राहतो आणि तरी जिभेवर विरघळतो. दोनदा भात घेतला. मग सरांनी फोनवरचा फोटो मोठा करून बघितला.

"ही नागअळीची वाट," ते म्हणाले. "पानाच्या दोन पदरांच्या मधे राहते आणि मधला हिरवा भाग खात पुढे सरकते. जाते तिथे पांढरी रेघ मागे राहते. तुझ्या भावाचं म्हणणं काय?"

"बीटीमध्ये अळी मरते. इथे अळी जिवंत आहे, म्हणजे हे बीटीच नाही."

सर हसले नाहीत. "त्याचं चुकलं असं म्हणणार नाही मी. त्याला कुणी नीट सांगितलंच नसणार. बीटी कापसाच्या झाडात एक प्रथिन तयार होतं. ते पतंगांच्या अळ्यांना बाधतं, म्हणून बोंडअळी मरते. माशीच्या अळीने ते पोटभर खाल्लं तरी तिला काही होत नाही. आणि नागअळी बहुतेक वेळा माशीची असते."

"बहुतेक वेळा?"

"हो, कारण पान पोखरणारी पतंगाची अळीही असते. तशी निघाली तर शंकेला जागा आहे. फोटोवरून लिहून देऊ नकोस. रेघ उघड आणि अळीचं डोकं शोध. टणक डोकं आणि पाय दिसले तर पतंगाची. डोकं नाही, पाय नाहीत, नुसता पिवळा दाणा आणि टोकाला तोंडाचा काळा आकडा, तर माशीची."

मी ते वहीत लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, "त्याने फवारणी केलीय का?"

"तीन वेळा."

"अरेरे," ते म्हणाले आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

आष्टा, बुधवार

कराड ओलांडलं की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो आणि आष्ट्यापर्यंत तोच सोबत करतो. मोठ्या मामेभावाकडे पिशवी टाकली आणि आधी सुकुमारच्या दुकानात गेले. खतांच्या पोत्यांचा तो उग्र वास, भिंतीवर फुली मारलेल्या अळ्यांची चित्रं आणि काउंटरमागे सुकुमार, आता केस पिकलेला.

"अक्का! कवा आलीस?" आणि लगेच, "त्यानं बोलवलंय व्हय तुला?"

"त्यानेच. पण मी तुलाही विचारायला आले."

त्याने गिऱ्हाइकाला युरिया दिला, मला स्टूल दिलं आणि मग सांगितलं, ते असं. पानांवर रेघा दिसल्यावर तानाजीने आधी त्यालाच फोन केला होता. सुकुमार म्हणाला, थांब, काही मारू नको, आपसूक कमी होईल. तानाजीला हे पटेना. औषध विकणं ज्याचा धंदा, तो औषध घेऊ नको म्हणतो? दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून तो आष्ट्याला आला.

"ह्याच पायरीवर उभा ऱ्हायला," सुकुमार म्हणाला. "म्हणाला, दाल में कुछ काला है. बोगस बी दिलंयस म्हणून तोंड लपवतोयस. चार गिऱ्हाइकं होती अक्का दुकानात. परेडवर बोलल्यागत बोलत होता."

"आणि तू?"

"मी काय बोलू? चाळीस वर्सं झाली. माझं बोलणं त्याला खरं वाटत नसंल, तर पावती दाखवून वाटणार हाय व्हय?"

मग तानाजीने जतच्या दुसऱ्या दुकानातून जहाल औषध घेतलं आणि फवारलं. रेघा वाढल्या. पुन्हा दोनदा फवारलं. आणखी वाढल्या.

सुकुमारच्या बायकोने जेवायला थांबवून घेतलं. जैन घर, दिवस मावळायच्या आत पानं मांडली. आमच्याकडे पुण्यात त्या वेळी कुणी कुकरसुद्धा लावलेला नसतो. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मुगाची आमटी, ताक. कांदा नाही, लसूण नाही, आणि मला जेवण संपेपर्यंत ते लक्षातही आलं नाही. बाहेर अजून ऊन होतं. हात धुताना सुकुमार म्हणाला, "तू जा आन् बघ. जे असंल ते लिही. माझ्या बाजूनं लिहू नको. तेवढंच सांगायचंय."

जतच्या पुढे, गुरुवार

मिरज सोडलं की ऊस विरळ होतो. कवठेमहांकाळपाशी द्राक्षाचे मांडव लागतात, मग डाळिंबं, मग तेही संपून लांबवर नुसता माळ. टेकडीवर पवनचक्क्या सावकाश फिरत असतात आणि खाली मेंढ्यांचे कळप. एसटीत माझ्या शेजारची बाई मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवत होती. मी मान हलवत राहिले आणि आमची छान मैत्री झाली.

स्टँडवर तानाजी उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड एका रांगेत. पलटणीची सवय. त्याची बायको सुमन दारात पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वन्सं, बसा. लय लांबून आलाय."

आता पाण्याचं सांगते. कालवा शेजारच्या गावापर्यंत आला आहे, इथे अजून नाही. तानाजीच्या विहिरीला माघापर्यंत पाणी पुरतं, मग टँकर. त्यामुळे आंघोळीला एक बादली, आणि आंघोळीचं पाणी पन्हळातून शेवग्याच्या बुंध्याला. मी पहिल्या दिवशी दुसरी बादली मागितली. सुमनने दिली, एक शब्द बोलली नाही. पण संध्याकाळी तिला भांडी राखेने कोरडी घासताना बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं एका बादलीत भागलं.

दुपारी रानात गेलो. कापूस कंबरेएवढा, बोंडं धरलेली, आणि पानं खरंच वाईट. एकेका पानावर चार-चार रेघा, काही पानं करपून कडेने वळलेली. बांधावर बसून मी सुईने एक रेघ उघडली. आतून अळी निघाली, मोहरीपेक्षा बारीक, पिवळी. भिंगाखाली धरली. डोकं नाही, पाय नाहीत. टोकाला काळा आकडा. दहा पानं उघडली, दहाही तशाच. मग भिंग तानाजीच्या हातात दिलं.

"माशीची अळी आहे ही," मी म्हटलं.

"माशी? घरात असती ती?"

"तिची चुलत बहीण. तिळाएवढी. बीटीने ती मरत नाही. बीटी बोंडअळीसाठी असतं."

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, "पाकिटावर अळीचं चित्र हाय आन् त्याच्यावर फुली हाय. कुठली अळी ते कुठं लिवलंय?"

पाकिटावर ते खरंच नसतं.

"आन् दुसरं," तो म्हणाला. "ही माशीची, मान्य. पण बियाणं बीटीच हाय, हे त्यावरनं कसं सिद्ध झालं?"

हेही बरोबर होतं. माशीची अळी साध्या कापसावरही असते आणि बीटीवरही. तिच्यावरून बियाण्याचा निवाडा होणार नव्हता, ना सुकुमारच्या बाजूने, ना विरुद्ध.

संध्याकाळी शेजारचे सिद्धाप्पा आले. तेव्हा कळलं की बियाण्याच्या पिशव्या तानाजीने एकट्यासाठी आणल्या नव्हत्या. आष्ट्याला माझा दोस्त आहे, असं सांगून त्याने गावातल्या पाच जणांना बी आणून दिलं होतं. पाचांच्याही रानात रेघा होत्या.

"सुभेदार," सिद्धाप्पा म्हणाले, "हुळ हाय की पानात. तुमी म्हणला हुळ लागत न्हाई."

"हुळ म्हंजी अळी," सुमनने मला सांगितलं.

"सोमवारी अर्ज देतोय न्हवं," तानाजी म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. तो रागात का आहे ते मला तेव्हा कळलं. तो या गावचा जावई. इथे त्याचा शब्द हीच त्याची ओळख होती, आणि तो शब्द त्याने सुकुमारच्या भरवशावर दिला होता.

शुक्रवार, शेळ्यांचा गोठा

सकाळी मी वांगी तोडायला सुमनबरोबर गोठ्याकडे गेले. गोठ्याच्या मागे कापसाची वीसेक झाडं होती.

"हा कापूस इथे कसा?"

सुमन हसली. "ह्यांना सांगू नका. बियाण्याच्या पिशवीत आत एक बारकं पाकीट असतंय. गावातली माणसं ते टाकून देत्यात. ह्यांनी बी टाकलं. मी म्हणलं, बी टाकून कसं द्यायचं? लावलं हितं."

मला हसू आवरेना. त्या छोट्या पाकिटात साधं, बीटी नसलेलं बी असतं. ते मुद्दाम देतात. शेताच्या कडेला साधा कापूस असला की बोंडअळ्या तिथे जगतात, आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांचीच जात तेवढी वाढत नाही. पाकीट गावात सगळ्यांना मिळालं होतं. पेरलं एकट्या सुमनने, आणि तेही नकळत.

"म्हंजी मी किड्यांसाठी पेरलं म्हणा की," ती म्हणाली.

"हो. आणि तेच बरोबर होतं."

दोघींनी मिळून त्या झाडांची वीस बोंडं फोडली. निम्म्याहून जास्त बोंडांत अळी किंवा अळीची विष्ठा, भोकं स्पष्ट. मग मुख्य रानातली वीस फोडली. एका बोंडात गुलाबी अळी मिळाली. बाकीची निर्मळ, आत ओला पांढरा कापूस. मी वहीत दोन रकाने केले, ते भरले आणि विजयी मुद्रेने तानाजीकडे गेले. साधा कापूस पोखरलेला, हा नाही. म्हणजे हा बीटी आहे.

तानाजीने रकाने वाचले. वही परत दिली.

"अक्का, रानात मी तीनदा फवारलंय. गोठ्यामागं फवारलं न्हाई. मग बोंडं बीटीनं वाचली का औषधानं?"

सव्वीस वर्षं मी मुलांना प्रयोगाच्या तासाला हेच सांगत आले: एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि इथे एक फौजी मला ते शिकवत होता.

त्यात भर म्हणून दुपारी मी खाटेवर लेबलं लावून पानं मांडली, चहा घ्यायला आत गेले, आणि शेळीने नमुना क्रमांक तीन व चार खाल्ले. लेबलासकट.

"ती साक्षीदार फोडती," तानाजी म्हणाला. मी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

वाट सुमननेच दाखवली. रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "विहिरीच्या कडंच्या दोन सऱ्या. तिथं तुमी कवाच फवारत न्हाई. प्यायचं पाणी हाय म्हणून."

तानाजीने तिच्याकडे बघितलं. "व्हय की."

"ती बी ह्याच बियाण्याची."

"व्हय की," तो पुन्हा म्हणाला.

शनिवार, विहीर

उजाडताच तिघं विहिरीवर गेलो. इथे तेच बियाणं होतं आणि फवारणी नव्हती. मी बोंडांना हात लावायचा नाही, असं आधीच ठरवलं. तानाजीने स्वतः झाडं निवडली, स्वतः ब्लेड चालवलं. वीस बोंडं. सगळी निर्मळ.

त्याने ब्लेड पुसून मला परत दिलं.

पण मला तिथे आणखी काहीतरी दिसलं होतं. विहिरीच्या कडेच्या पानांवर रेघा होत्या, पण थोड्या, आणि बऱ्याचशा मधेच थांबलेल्या. उघडून बघितलं तर आत अळी वाळून काळी पडलेली. गोठ्यामागेही तसंच. फवारलेल्या रानात मात्र रेघा लांबच लांब आणि अळ्या टवटवीत. आता सरांच्या "अरेरे"चा अर्थ लागायला लागला. रानातली पानं मी गुरुवारीच आणि गोठ्यामागची शुक्रवारी बाटल्यांत भरून ठेवली होती, विहिरीकडची आता वेगळ्या बाटलीत भरली. या बाटल्या शेळीपासून वाचल्या होत्या. त्यांच्याकडे आता दर दोन तासांनी बघायला लागले.

रविवार, अंगण

रविवारी सकाळी विहिरीकडच्या आणि गोठ्याकडच्या बाटल्यांत मलमलीला आतून बारीक ठिपके चिकटले होते. भिंग लावलं तर ते इवले कीटक निघाले. टाचणीच्या टोकाएवढे, हिरवट चमकणारे, चार पंखांचे. रानातल्या पानांच्या बाटलीत असं काही नव्हतं, तळाशी माशीचे तपकिरी कोष तेवढे पडलेले.

संध्याकाळी पाचही जण अर्जावर सह्या करायला आले. अर्ज तयार होता, तानाजीच्या सुंदर अक्षरात, मुद्दे क्रमांक घालून. तो त्याने खिशात ठेवला आणि म्हणाला, "सही नंतर. आधी बोंडं फोडा."

तिन्ही जागांची बोंडं तीन सुपांत होती. मी काही सांगितलं नाही. सिद्धाप्पांनी विळ्याने फोडायला सुरुवात केली, बाकीचे वाकून बघत होते. गोठ्याकडचं सूप झालं, विहिरीकडचं झालं. रानातल्या सुपात एक गुलाबी अळी निघाली, तेव्हा सिद्धाप्पांनी ती उंच धरली.

"हे काय मग?"

"ती गुलाबी बोंडअळी," मी म्हटलं. "ती आता बऱ्याच ठिकाणी बीटीला दाद देत नाही. तो सगळीकडचा त्रास आहे. सगळ्यांनी बारकं पाकीट टाकून दिलं, त्याचाही त्यात वाटा आहे."

पाकीट कुणी कुणी टाकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. सुमन चुलीपाशी बसून भाजणीच्या परातीत बघत हसत होती.

मग मी बाटल्या दाखवल्या. सांगितलं, की नागअळी एवढी आहे तर तिला खाणारेही आहेत. हे बारके कीटक पानातल्या अळीवर अंडी घालतात, त्यातून निघणारी पिल्लं अळी संपवतात. औषध मारलं की हे उघड्यावर असतात म्हणून आधी मरतात. अळी पानाच्या आत असते, ती वाचते. मग तिला मोकळं रान.

सिद्धाप्पांनी बाटली उन्हात धरली. "म्हंजी औषध मारलं न्हसतं तर?"

"एवढं झालं नसतं."

"कोण म्हणलं हुतं मारू नका?"

तानाजी उठून उभा राहिला, हात पाठीमागे घेऊन, अगदी विश्रामच्या स्थितीत.

"दुकानदार म्हणला हुता," तो म्हणाला. "मीच ऐकलं न्हाई. तुमाला बी मीच फवारायला लावलं. अर्ज जाणार न्हाई."

सिद्धाप्पांनी बाटली हातात फिरवली. मग म्हणाले, "ही बाटली माज्या रानात सोडू द्या की, अक्का." सगळे हसले आणि सुमनने हुलग्याचं गरम माडगं वाढलं. तिखट, दाट, वर लसणाची फोडणी. पुण्यात आल्यावर मी दोनदा करून बघितलं. तसं जमत नाही.

पुन्हा आष्टा, सोमवार

सोमवारी तालुक्याला जायच्या वेळेला आम्ही दोघं मोटारसायकलवरून आष्ट्याला निघालो. वाटेत तानाजी जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तानाजी पायरीवर थांबला, आत गेला नाही.

"सुकुमार," तो मोठ्याने म्हणाला, "बियाणं खरं हाय. तू सांगितलं ते बी खरं हुतं. मी ह्याच पायरीवर खोटं बोललो."

सुकुमारने हातातलं पोतं खाली ठेवलं. गिऱ्हाइकांनी आमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याने त्यांचं सामान दिलं, त्यांना वाटेला लावलं आणि मग बाहेर आला.

"माझं बी चुकलंच की," तो म्हणाला. "थांब म्हणालो. का थांब, ते सांगितलं न्हाई. तू दोस्त, तुला कशाला समजावायचं, असं वाटलं."

"आता?"

"आता काय? पुढच्या सालाला बी लागंल तवा त्या पाचांना घिऊन ये. एकट्याच्या हाती देणार न्हाई. पाकिटावर काय लिवलंय आन् काय लिवलेलं न्हाई, ते मी त्यांना बसवून सांगणार."

"आणतो."

मला वाटलं, झालं. मी बसची वेळ बघायला लागले. पण सुकुमार पायरीवरच उभा होता.

"ती दोन गिऱ्हाइकं आज हुती, तान्या," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशीची चार येगळी हुती. त्यांनी अजून तेवढंच ऐकलंय."

तानाजीने नावं विचारली. सुकुमारने सांगितली. मी बस सोडली.

पहिला माणूस मळ्यात ठिबकच्या नळ्या जोडत होता. त्याला ते भांडण आठवतच नव्हतं, तरी तानाजीने त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी चहा घ्यावा लागला. तिसरा म्हणाला, "मला वाटलंच हुतं सुकुमार तसा न्हाई." आणि मग थोड्या वेळाने, "पण मी रब्बीचं बियाणं दुसरीकडनं घेतलं खरं." तानाजीने मान खाली घातली.

चौथ्याचं बाजारपेठेत सलून होतं. सुकुमारने त्याचं नाव शेवटी सांगितलं होतं, आणि ते का, ते दुकान बघताच कळलं. आत तीन जण नंबर लावून बसले होते आणि दारात दोघं नुसतेच उभे होते, ऐकायला. बियाण्याची बातमी आष्टाभर गेली असेल तर इथूनच.

"तू इथं थांब, अक्का," तानाजी म्हणाला.

त्याची दाढी पहाटेच झाली होती, गालावर एक खुंट नव्हता. तरी तो आत जाऊन बाकावर बसला. तिघांचं होईपर्यंत थांबला. नंबर आला तसा खुर्चीवर ताठ बसला, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून घेतलं. सलूनवाल्याने त्याच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "पाव्हणं, काय करायचं हो ह्याचं?"

"सावकाश करा," तानाजी म्हणाला. आणि आरशातल्या सगळ्यांकडे बघत, रस्त्यावर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, त्याने सुरुवात केली.